उटण्याने गेलेल्या रेघा

मी या सदरातले अनुभव नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर वाचता वाचता मनात प्रत्येकाला एखादं सोपं कारण चिकटवत जातो. झोप झाली नसेल, अंधार असेल, ऐकीव गोष्ट असेल. भुतंखेतं, संकेत, आभास... कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. माझं कामही तसंच आहे. वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल एरियात एका टूलरूममध्ये मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. बनवलेला पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते मोजायचं आणि नसेल तर परत पाठवायचा. 'साधारण बरोबर' हे आमच्याकडे चालत नाही.

म्हणून इथेही मी स्वतः पाहिलं तेवढंच 'पाहिलं' म्हणणार आहे. जे फक्त ऐकलं, ते ऐकलं म्हणूनच सांगेन. नावं बदलली आहेत.

आम्ही वसईजवळच्या वटार गावचे. घराभोवती छोटी वाडी आहे — केळी, थोडा मोगरा, मागे विहीर आणि पंप. घरात आम्ही तिघंच. मी, पत्नी सुनंदा आणि मुलगी प्रणाली. प्रणाली मुंबईत बी.एस्सी. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी करते. कॅन्सरच्या पेशंटला मशीनखाली नेमक्या जागी झोपवायचं आणि डॉक्टरांनी ठरवलेले किरण नेमके तिथेच द्यायचे, हे काम करणारी माणसं या कोर्समधून तयार होतात. गावात हे समजावून थकलो. बहुतेकांच्या मते ती एक्स-रे काढायला शिकते. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी हिरूबाई तर दारातूनच हाक द्यायची, "काय गो, मशीनचा शेक देतेस ना तू? माज्या गुडघ्याला पन दे की, पानी झालंय त्यात."

"मावशी, माझा शेक घेतलास तर पाणीपण जाईल आणि गुडघापण," प्रणाली आतून ओरडायची.

कोर्सचं शेवटचं वर्ष चालू असताना सुनंदाला डाव्या बाजूच्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि शेवटी रेडिएशन सुरू झालं. तेही प्रणाली ज्या विभागात शिकत होती तिथेच. नातेवाईक म्हणून तिला आईच्या मशीनवर ठेवलं नव्हतं, ती शेजारच्या मशीनवर असायची. त्या महिन्यांत मला काय वाटत होतं ते मला आठवत नाही. काय केलं ते आठवतं. गाडी काढली, फाईल घेतली, वेटिंगमध्ये बसलो, परत आलो.

आता रेघांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. रेडिएशन सुरू करण्याआधी स्कॅन करतात आणि पेशंटच्या छातीवर, कुशीत जांभळ्या शाईने रेघा मारतात. खोलीच्या भिंतींतून लेझरच्या बारीक रेघा येतात. त्या आणि अंगावरच्या रेघा एकमेकींवर आल्या की पेशंट जागेवर आहे. शाई टिकावी म्हणून वर पारदर्शक टेप लावतात. साबण लावायचा नाही, तेल लावायचं नाही, घासायचं नाही. प्रणाली रोज वेटिंगमधल्या पेशंटना हेच बजावायची, "काकू, अंघोळ करा, पण या रेघांना हात लावू नका. हा आमचा पत्ता आहे. पत्ता पुसला तर आम्ही कुठे जायचं?"

आणि आमच्याच घरी तो पुसला गेला.

दिवाळी आली. पहिल्या अंघोळीला पापडीहून माझी मोठी बहीण आली. तिला आम्ही सगळे बाय म्हणतो. सुनंदाच्या तब्येतीमुळे अंघोळ पहाटे न ठेवता चांगलं उजाडल्यावर ठेवली होती. मी मागे पंपाशी होतो, प्रणाली झोपली होती. बायने घरी कुटलेलं उटणं आणलं होतं, तेल कोमट केलं होतं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ती इथे सगळ्यांना कळणार नाही म्हणून साधं लिहितो. बाय नंतर म्हणाली, "मला वाटलं दवाखान्याची पट्टी राहिलीय अंगाला चिकटून. आणि खाली शाईचे डाग! सणाच्या दिवशी डाग घेऊन बसायचं का तिने? मी आपलं तेल लावून हळूच सोडवलं. टाक्यांच्या जागेला धक्का नाही लागू दिला हो."

उपचार सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, कातडी अजून काळवंडली नव्हती, त्यामुळे सुनंदाला दुखलंही नाही. तिने डोळे मिटले होते. नंतर मी विचारलं, "तुला कळलं नाही?"

"कळलं. पण उशिरा," ती म्हणाली. "अहो, ऑपरेशन झाल्यापासून सगळे मला काचेचं भांडं असल्यासारखे हात लावत होते. बायने माणसासारखा लावला."

प्रणाली उठून आली तोवर छातीवरची रेघ पूर्ण गेली होती आणि कुशीतली पुसटशी उरली होती. ती ओरडली नाही, पण चेहरा उतरला तिचा. बाय बिचारी, "काय झालं गं? परत लाव की पट्टी," म्हणत मागे मागे फिरत होती.

मी म्हटलं, "सरांना फोन कर."

"विभाग बंद आहे आज."

"मोबाईलवर कर."

"पप्पा, काय सांगू? सगळ्यांना लेक्चर देणाऱ्या प्रणालीच्या घरी उटणं लावलं म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "परत स्कॅन, परत रांग. मम्मीचे दिवस वाया जातील. मला दिसतायत अजून रेघा कुठे होत्या त्या. मी जोडते."

मी नाही म्हटलं. ड्रॉइंग हातात नसताना कोणी रेघ मारू नये, हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आलोय. ती ऐकली नाही. दुपारी बाय पापडीला गेल्यावर तिने डब्यांवर नावं टाकायचा काळा मार्कर घेतला, माझी स्टीलची पट्टी घेतली आणि आईच्या अंगावर रेघा मारल्या. सुनंदा एवढंच म्हणाली, "हात किती गार गं तुझे."

त्या रेघा मी पाहिल्या. सवयीने मोजल्याही... छातीवरची रेघ मधल्या हाडापासून किती अंतरावर आहे ते. मला त्यांत चूक दिसली नाही, कारण बरोबर जागा मलाच कुठे माहीत होती?

दुसऱ्या दिवशी मशीन चालू होतं. निघायच्या आधी प्रणाली आणि मी वाडीत केळीची पानं कापत होतो. परत येऊन जेवण व्हायचं होतं आणि पाहुणे येणार होते. स्वच्छ ऊन होतं. सुनंदा मधल्या खोलीत पडली होती. पुढचं दार आमच्या समोर होतं. मागच्या दाराला आतून कडी होती, ती मीच घातली होती आणि नंतर तशीच पाहिली. या वेळात प्रणाली माझ्या नजरेआड झाली नाही. ती पानं धरत होती, मी कापत होतो.

सुनंदा तयार होऊन ओट्यावर आली आणि म्हणाली, "झालं ना आता मनासारखं? चला मग."

"काय झालं?" प्रणालीने विचारलं.

"आता परत काढल्यास त्या रेघा. आधीच्या पुसून."

आम्ही आत गेलो. काळ्या रेघा नव्हत्या. पुसल्याचा डाग नव्हता, लालसरपणा नव्हता. तो मार्कर मी स्वतःच्या हातावर नंतर लावून पाहिला — स्पिरिटनेही पहिल्या झटक्यात जात नाही. काळ्याच्या जागी जांभळ्या रेघा होत्या. बारीक, एका दमात मारलेल्या, टोकाला छोटी आडवी खूण. मी पट्टी घेतली. छातीवरची रेघ आदल्या दिवशीच्या रेघेपेक्षा अकरा मिलिमीटर आत होती.

जांभळी शाई आमच्या घरात नाही. सुनंदाने स्वतः काढल्या म्हणावं, तर ऑपरेशननंतर तिचा डावा हात कोणी आधार दिल्याशिवाय खांद्याच्या वर जात नव्हता आणि कुशीतली रेघ तर तिला दिसतही नाही.

प्रणालीने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. केळीचा चीक होता फक्त.

हायवेला दिवाळीमुळे रस्ता मोकळा होता.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस म्हणून किरण देण्याआधी मशीनवर इमेज काढून जागा तपासली. मी बाहेर बसलो होतो. तिथल्या मुख्य टेक्नॉलॉजिस्ट मॅडम सुनंदाला घेऊन बाहेर आल्या, हसून म्हणाल्या, "काकूंनी दिवाळीतसुद्धा रेघा छान सांभाळल्या हं. एकदम परफेक्ट बसलं. टेप तेवढी निघाली होती, लावली परत."

विषय तिथेच संपला असता. कोणालाही काही कळलं नसतं. प्रणाली दाराशी उभी होती, ती पुढे आली.

"मॅडम, परवाच्या उटण्याने... म्हणजे काल. काल रेघा गेल्या होत्या. मी घरी काढल्या."

मॅडमचं हसू थांबलं. "या तू काढल्यास?"

"नाही. मी काढलेल्या या नाहीत."

"मग कोणी काढल्या?"

"माहीत नाही."

"प्रणाली, तू काय बोलतेयस तुला कळतंय का?"

"मी काळ्या मार्करने काढल्या होत्या. चुकीच्या जागी. या बरोबर आहेत, पण या मी काढल्या नाहीत."

विभागप्रमुख सरांना बोलावलं. त्यांनी सुनंदाचा स्कॅन पुन्हा करायला लावला. रेघा पहिल्या स्कॅनशी तंतोतंत जुळल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी अकरा मिलिमीटर सांगितलं. ते म्हणाले, तसा फरक असता तर इमेजमध्ये पकडला गेला असता, पेशंटला धोका नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या रेघांनी कोणाचा जीव वाचवला असा माझा दावा नाही. मग प्रणालीकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "रेघ बरोबर आली की चुकली हा मुद्दाच नाही. न विचारता मारलीस, हा मुद्दा आहे."

तिला त्या पोस्टिंगमधून, म्हणजे विभागातल्या प्रत्यक्ष कामाच्या पाळीतून, काढलं. पोस्टिंग पुन्हा करावी लागणार होती, म्हणजे वर्गातल्या मुलांपेक्षा ती मागे पडणार होती. पण कोर्समधून काढलं नव्हतं. कोर्स सोडायचं तिने स्वतःच ठरवलं. घरी आल्यावर पुस्तकं केळ्यांच्या खोक्यात भरली, वर सुतळी बांधली.

"परत करते सोमवारी. ॲप्रनपण."

"शिक्षा तेवढी नाहीये," मी म्हटलं.

"शिक्षेचं नाही, पप्पा. घाबरले की मी काय करते ते मला कळलं. उद्या दुसऱ्या कोणाची मम्मी असेल."

ती जे बोलत होती ते मी माझ्या हाताखालच्या मुलाबद्दल बोललो असतो. घरात दिवाळीचा कंदील लागत होता, फराळाचे डबे भरलेले होते. आम्ही तिघं वेगवेगळ्या वेळी जेवत होतो. मला वाईट वाटत होतं असंही म्हणता येणार नाही. काहीच वाटत नव्हतं. रविवारी मी खोक्याला पाय लागू नये म्हणून ते बाजूला सरकवलं, एवढंच.

त्याच दुपारी सुनंदा प्रणालीच्या खोलीत जाऊन बसली. मी दारात होतो. सुनंदाने जे पाहिलं, ते मी फक्त ऐकलेलं आहे.

सुनंदा म्हणाली, "त्या दिवशी सकाळी रेघा तूच काढल्यास."

"मम्मी, प्लीज. मी वाडीत होते. पप्पांना विचार."

"ते मला माहितीये. पण ती तूच होतीस. चष्मा होता तुला. आणि इथे, भांगाजवळ, केस पांढरे झालेले."

प्रणालीचा हात आपल्या भांगाकडे गेला.

"अंगाने थोडी भरली होतीस. बाकी तूच. मला आधी वाटलं उजेडामुळे तसं दिसतंय. 'मम्मी, हात वर घे,' म्हणालीस. रेघ मारायच्या आधी पंजा स्वतःच्या मानेला लावून गरम केलास, मग मला हात लावलास. पट्टी नाही, काही नाही. एकदा बघितलं आणि मारली."

"गोळीची गुंगी असणार तुला."

"रक्तदाबाच्या गोळीने कोणाला गुंगी येते गं?"

"पांढरे केस?" प्रणालीचा आवाज चिरका झाला होता. "मी काय कलर नाही करणार?"

"केला नव्हतास बाई. आळशी आहेस, मला माहितीये."

दोघी हसल्या. मग प्रणाली रडायला लागली आणि बराच वेळ रडली. सुनंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "घाबरलेला हात मला कळतो. आदल्या दिवशी तुझा घाबरलेलाच होता. हिचा नव्हता. एवढंच सांगते, पुढे तुझं तू ठरव."

सोमवारी प्रणाली गेली ती खोकं न घेता. सरांना भेटली, पोस्टिंग पुन्हा कधी करायची ते विचारून आली. संध्याकाळी मला म्हणाली, "पप्पा, मम्मी बोलली म्हणून जातेय असं समजू नका. मला ते खरं वाटलेलं नाही."

"मग का गेलीस?"

"खोटं असेल तरी तशी व्हायला काय हरकत आहे?"

तिने पोस्टिंग पुन्हा पूर्ण केली. वर्गातली मुलं पुढे गेली, ही मागच्या वर्गाबरोबर बसली. त्यांना ती 'ताई' झाली, याचा तिला फार राग यायचा. आता ती इंटर्नशिप करते आहे. सुनंदाचं रेडिएशनही पूर्ण झालं. फॉलो-अपचे रिपोर्ट आतापर्यंत चांगले आले आहेत. डॉक्टर समाधानी आहेत.

मी माझ्या परीने सगळ्या शक्यता तपासल्या. बायला दोनदा विचारलं. ती त्या सकाळी पापडीतच होती, तिच्या सुनेनेही सांगितलं. विभागातल्या कोणाला आमचं घर माहीत नाही. प्रणालीने नकळत केलं असेल म्हणावं तर ती माझ्यासमोर होती. मॅडमनी नंतर एकदा फक्त इतकं विचारलं, "अशी टोकाला आडवी खूण करायला तुला कोणी शिकवलं? आमच्याकडे कोणी तशी करत नाही." प्रणाली म्हणाली, अजून कोणीच नाही.

इथपर्यंतच असतं तर मी हे कदाचित लिहिलंही नसतं. घरातली गोष्ट घरात राहिली असती.

थंडीत एकदा दुपारी सुनंदा आणि मी ओट्यावर बसून वाल सोलत होतो. प्रणाली ड्युटीवर होती. सुनंदा मान वर न करता म्हणाली, "मी तिला सगळं नाही सांगितलं."

मी थांबलो.

"रेघा काढून झाल्यावर ती निघाली. आणि दारात थांबली. मी म्हटलं, काय गं, उशीर होतोय ना? तर म्हणाली... काही नाही मम्मी, जरा बघू दे."

"काय बघू दे?"

"मला."

ती दाणे वेगळे करत राहिली.

"तुमच्या आई गेल्यावर खूप वर्षांनी पेटीत त्यांचा तो तरुणपणीचा फोटो सापडला होता, आठवतं? कोणाशी न बोलता बघत बसला होतात. तशी बघत होती ती मला. मी तिच्यासमोर होते, जिवंत, आणि ती तशी बघत होती."

सालं गोळा करून सुनंदा मागे केळींच्या बुंध्यात टाकून आली आणि चहा ठेवला.

कोणी म्हणेल आजारी बाईच्या मनाचे खेळ. असतील. पण शाई मनाची नव्हती, आणि ते अकरा मिलिमीटर मी माझ्या हाताने मोजले आहेत. याचं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. या सदराच्या वाचकांपैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा. मात्र एक खरं सांगतो, पूर्वीसारखं ते मला हवंच आहे असं राहिलेलं नाही.

प्रणाली सकाळी घाईत निघते. डबा, हेल्मेट, किल्ली शोधणं, सगळं एकदम. हल्ली सुनंदा काम टाकून पुढच्या दारात येऊन उभी राहते. आधी ओल्या हातांनी, तशीच यायची. आता पदर नीट करते, केस मागे घेते आणि सावलीतून पुढे होऊन उजेडात उभी राहते.

"काय मम्मी, काही सांगायचंय का?" प्रणाली स्कूटरवरून विचारते.

"नाही गं," सुनंदा म्हणते. "जा तू. सावकाश जा."